पुढचा जन्म देवमाशाचा मागताय?

ट्रॅफिक, हप्ते आणि व्हॉट्सॲप ग्रुपला कंटाळून तुम्ही पुढचा जन्म देवमाशाचा मागणार, असं कानावर आलंय. झकास विचार. फक्त अर्ज टाकायच्या आधी आमचं जरा ऐका. कोल्हापूरला समुद्र नाही, मग तुम्हाला काय कळतंय, असं म्हणू नका. विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडला ज्यानं मुक्काम केलाय, त्याला आवाजाच्या विषयात कुणी शिकवायचं कारण नाही.

तर जात निवडताना चोचवाला देवमासा टाळा. त्यातला क्युव्हियरचा तर नकोच. गडी तसा पैलवान, जवळपास तीन किलोमीटर खोल बुडी मारतो. पण नौदलाचं जहाज पाणबुडी हुडकायला पाण्यात सोनारचा आवाज सोडतं तेव्हा पहिला बळी बहुतेक याचाच. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नाटोचा सराव लागला आणि साधारण चार तासांत चोचवाले किनाऱ्याला लागायला सुरुवात झाली. एकूण १४. फाडून बघितलं तर रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे आणि चरबीचे कण. खोल बुडी मारलेला माणूस घाईनं वर आला की त्याला जे होतं, तसलंच काहीसं. आवाजाला बिचकून बुडी मारण्याचा नि वर येण्याचा हिशेब चुकला असावा, असं अभ्यासक मानतात.

म्हणून मरायचंच झालं तर शिस्तीत मरा. खोल पाण्यात मेलात की तळाशी गेलात, तुमची नोंद होत नाही. किनाऱ्यावर या, आणि डॉक्टर पोचेपर्यंत कुजू नका. कानाजवळचा रक्तस्राव ताजा दिसला पाहिजे, तरच आवाजावर ठपका येतो. मार्च २००० मध्ये बहामात १७ जणांनी किनारा गाठला तेव्हा कुठे पुढच्या वर्षी अमेरिकी नौदलानं सरकारी अहवालात सोनारचं नाव मान्य केलं. तेही ‘सर्वांत संभाव्य कारण’ म्हणून.

आकड्यांनी दबकू नका. जहाजावरच्या सोनारची ताकद २३५ डेसिबलपर्यंत सांगतात. आमचा डॉल्बीवाला हे ऐकून हरखला होता; त्याला सांगावं लागलं की पाण्यातला डेसिबल वेगळ्या मापाचा, हवेतल्या मापात आणायला अंदाजे ६२ वजा कर. उरले १७३. तरी त्याचा चेहरा खुललेलाच. निवासी भागात दिवसा ५५ ची मर्यादा आहे, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

आमच्या पेठेतल्या एका आक्कांनी मंडळाकडं तक्रार नेली होती. मांडणीवरची पितळी ताटं बेसच्या ठोक्याला एकेक बोट पुढं सरकत होती, शेवटी एक खाली आलं. अध्यक्ष अगदी अदबीनं म्हणाले, “आक्का, दोन दिस लेकीकडं जावा की.” देवमाशालाही जगभर हाच सल्ला मिळतो: एवढा मोठा समुद्र पडलाय, सरका की जरा! पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं धावतो, आणि खर्जातल्या आवाजाचा सोनार तर शेकडो किलोमीटर ऐकू जातो. पण ते तुमचं तुम्ही बघायचं. तुमची लेक कुठं दिलीय, हा काही नौदलाचा प्रश्न नाही.

कोर्टाची पायरी चढू नका, हे शहाण्यांचं जुनं सांगणं. कॅलिफोर्नियाच्या देवमाशांच्या बाजूनं काही मंडळी चढली. सागरी प्राणी साधारण दोन किलोमीटरच्या आत दिसला तर सोनार बंद करा, असा खालच्या कोर्टाचा हुकूमही मिळाला. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो उठवला. देशाच्या संरक्षणापुढं माशाचं काय घेऊन बसलात? पाणबुड्या शोधायला नकोत असं कोण म्हणतंय, प्राणी जवळ दिसला तर सोनार जरा थांबवा, असं मागणं होतं. पण आपल्याकडंसुद्धा ‘आवाज जरा कमी’ म्हणणारा माणूस लगेच गणपतीच्या विरोधात जातोच की.

आता खरी कामाची गोष्ट. स्पेननं २००४ मध्ये कॅनरी बेटांभोवती ५० सागरी मैलांत सोनार बंद केला. पुढं २०१३ मध्ये अभ्यासकांनी लिहिलं की बंदीनंतर तिथं चोचवाल्यांचा असा घोळका किनाऱ्याला लागलेला नाही. स्पेनचं संरक्षण त्यापायी बुडाल्याचं ऐकिवात नाही. इतका स्वस्त उपाय असल्यामुळंच बहुधा इतरांना तो पटत नसावा.

तेव्हा अर्जात पत्ता नीट लिहा: कॅनरी बेटं, ५० मैलांच्या आत. पोटासाठी माखल्या हुडकत ५१ व्या मैलावर गेलात तर स्वतःच्या जबाबदारीवर.