शनिवारवाड्यात नुसत्या भिंतीच? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कसबा पेठेतून पायी पुणं बघण्याबद्दल मी लिहिलेलं वाचून तुम्ही आईंना घेऊन आलात आणि नाराज होऊन परतलात. तुमचं म्हणणं असं, की पेठांमधून धड चालता येत नाही, शनिवारवाड्यात भिंतींशिवाय काही नाही, आणि एवढं सगळं रिक्षाने तासाभरात उरकलं असतं.

पहिली गोष्ट शंभर टक्के खरी आहे. चूक माझी. निघायची वेळ मी लिहिलीच नव्हती. अकरा वाजल्यानंतर इथे दुचाक्या, टेम्पो, हातगाड्या आणि फुटपाथवर मांडलेला माल यांतून तरण्या माणसालाही अंग चोरून चालावं लागतं. आईंना दुपारच्या उन्हात त्या गर्दीतून चालावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मी माझ्या आईला घेऊन निघतो ते सकाळी साडेसातला, तेही रविवारी. आता ते लेखात घातलंय.

शनिवारवाड्याबद्दल मात्र थोडं भांडतो. १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८च्या आगीत जळाला. लाकडी मजले गेले. तट, दरवाजे आणि जोती उरली. म्हणून तिथे वर बघायचं नसतं, पायाखाली बघायचं असतं. हजारी कारंज्याचा कमळासारखा हौद बघितलात ना? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळातून पाणी शहरात आणलं. उताराच्या जोरावर ते वाड्यात पोचत होतं आणि शहरातल्या हौदांतही पडत होतं. हे एकदा डोक्यात बसलं, की बाहेर पडल्यावर फडके हौद, सदाशिव पेठ हौद ही नावं नुसते रिक्षाचे पत्ते राहत नाहीत. घागरी घेऊन जिथे रांग लागायची, त्या जागा त्या. लाल महाल वगळलात तरी माझी हरकत नाही. शाहिस्तेखानावरचा १६६३चा छापा त्या जागेचा, पण आजची इमारत महापालिकेने अलीकडे उभारलेली आहे.

आता रिक्षाचं. तांबट आळी रिक्षातून दिसतच नाही, कारण ती आधी ऐकू येते. गल्लीच्या तोंडाशी ठक ठक सुरू होते आणि आवाजाच्या मागोमाग आपण आत जातो. परवा एका कारागिराजवळ बराच वेळ उभा होतो. लोखंडी खुंटावर तांब्याची घागर आडवी धरलेली, उजव्या हातात हातोडा, आणि डावा हात प्रत्येक ठोक्यागणिक घागर केसभर फिरवतोय. ठोक्याशेजारी ठोका, एकही एकावर एक नाही. याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी तांबं कणखर होतं आणि झळाळतंही. घागरीच्या पोटावर हात फिरवा म्हणाले. बोटांखाली एकेक खळगा लागतो. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला हा स्पर्श नसतो, आणि ही माणसं कमी होत चालली आहेत. म्हणूनच मी लोकांना चालत या म्हणून एवढं विनवतो.

तरीही आईंसाठी रिक्षा कराच, फक्त सुरुवातीला. सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीपाशी उतरा. १७५४ मध्ये बांधायला घेतलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ बोळात आहे, बाहेरून पटकन लक्षात येत नाही. तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलाय. दर्शनी भिंतीवर खाली वाकून बघा: गेंड्याला साखळदंडाने बांधणारे बंदूकधारी गोरे शिपाई कोरलेत. पेशवाईतल्या पाथरवटाने ते तिथे का कोरले असतील, यावर आमच्या घरी अजून वाद होतात! गाभाऱ्याशी संस्कृतसोबत फारसी शिलालेखही आहे. आईंना इथे निवांत बसू द्या.

मग नागझरीचा ओढा ओलांडून कसब्यात या. तांबट आळी, ग्रामदैवत कसबा गणपती, आणि शेवटी शनिवारवाडा. रमतगमत दीड-दोन किलोमीटर होईल. आई दमल्या तर कसबा गणपतीपाशी थांबा. वाडा पुढच्या रविवारी. येणार असाल तर आदल्या दिवशी इथेच कळवा, मी त्रिशुंडापाशी येऊन थांबतो.