पेढे नंतर वाटा, आधी दरखास्त टाका

जून २००८. भाडेकरूवरचा कब्जाचा दावा अण्णांनी जिंकला. सांगलीत गावभागातल्या आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्या, भाडं महिना १४० रुपये. पेढे वाटले आणि हुकूमनामा, म्हणजे खोल्या सोडा असा कोर्टाचा लेखी निकाल, कपाटात गेला. मग भाडेकरूच्या मुलीचं लग्न निघालं, मग भाडेकरूचं आजारपण. "एका अंगणात राहिलोय, लगेच कोर्टाचा बेलिफ कुठं आणायचा?" हे अण्णांचं उत्तर ठरलेलं. २०१९ च्या महापुरात दोन्ही घरांचं सामान आमच्याच माळ्यावर चढलं. त्यानंतर विषय काढायची माझीही छाती झाली नाही.

कब्जाच्या हुकूमनाम्याला १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानं १२ वर्षं दिली आहेत. त्यात दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणा असा कोर्टाकडं अर्ज, केली नाही तर संपलं, उशीर माफ करून मागायचीही सोय नाही. वरच्या कोर्टाची स्थगिती असेल तर तेवढा काळ मोजत नाहीत. आमच्याकडं ना अपील, ना स्थगिती. नुसती भीड! जून २०२० ला मुदत संपत होती. वाचवलं कोरोनानं. सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आणि मे २०२२ मध्ये आमची दरखास्त बसली.

माझं मत विचाराल तर १२ वर्षं फार झाली. अनधिकृत बांधकाम पाडून टाका, अशा हुकुमाला तीनच वर्षं मिळतात. इथंही तीन असती तर अण्णांनी भीड गुंडाळून ठेवली असती. आणि भाडेकरूचंही बरं झालं असतं. २००८ ला गडी कमावता होता, कुठंही खोली मिळाली असती. आता साठीनंतर डिपॉझिट कुठून आणायचं?

मात्र मुदत एकट्या मालकालाच का? दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्येच खालच्या कोर्टांना बजावलंय. आमची अडीच वर्षं चालली. पहिल्यांदा बेलिफ आला तर दाराला कुलूप. दुसऱ्यांदा भाडेकरूचा मेव्हणा हरकत घेऊन उभा, म्हणे मी वेगळा भाडेकरू. त्या एका अर्जात वर्ष गेलं.

चुलतभावाला परवाच मिरजेच्या कोर्टातून हुकूमनामा मिळाला. पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला होता. म्हटलं, ठेव तो तिथं, दरखास्तीसाठी हुकूमनाम्याच्या नकलेचा अर्ज दिलास का?