२० बारचे मशीन आणि ‘कोणताही ग्राइंडर’: एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

घरी एस्प्रेसो (दाबाखालच्या गरम पाण्याने काढलेली लहान, कडक कॉफी) करू पाहणाऱ्या नवख्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो, आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जसाच्या तसा जात राहतो. त्याचा आशय असा: हाताशी असलेला सगळा पैसा मशीनमध्ये घालावा, १५ बारपेक्षा (बार म्हणजे दाब मोजायचे एकक) २० बारचे मशीन केव्हाही चांगले, दाणे दळायचा ग्राइंडर कोणताही चालतो, नाहीतर तयार पूड आहेच, कपावर जाड क्रेमा, म्हणजे तांबूस फेस, आला की मशीन उत्तम समजावे, आणि दोन बॉयलर नसतील तर घरी खरी एस्प्रेसो होतच नाही. माझ्या मते यातली पहिली चार विधाने चुकीची आहेत आणि पाचवे जेमतेम अर्धे खरे आहे. हा सल्ला ऐकून खरेदी केलेल्या माणसाची कॉफी कधी आंबट, कधी कडू होते आणि तो दोष स्वतःच्या हाताला देतो. महिना-दोन महिन्यांत मशीन कपाटात जाते. हे टाळता येण्याजोगे आहे, म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

आधी बारचा आकडा पाहू. खोक्यावर छापलेले १५ किंवा २० बार म्हणजे आतला पंप जास्तीत जास्त किती दाब निर्माण करू शकतो याचा आकडा, आणि तोही पाण्याची वाट पूर्ण बंद असताना. पाणी वाहू लागले की हा दाब उतरतो. घरगुती मशीनमध्ये बहुधा कंपनावर चालणारा लहान पंप असतो. प्रवाह जितका जास्त, तितका त्याचा दाब कमी. एस्प्रेसोसाठी प्रमाण मानला गेलेला दाब सुमारे ९ बार आहे आणि काळजीपूर्वक बनवलेल्या मशीनमध्ये त्याहून अधिक दाब होऊ नये म्हणून एक झडप बसवलेली असते, जी जास्तीचे पाणी टाकीकडे परत वळवते. म्हणजे २० बारच्या पंपातले वरचे ११ बार कॉफीपर्यंत पोहोचू नयेत, याचीच व्यवस्था चांगला निर्माता करतो. ती नसेल तर अतिरिक्त दाबाने कॉफीची चकती (दाबून बसवलेल्या पुडीचा थर) गच्च आवळली जाते, तिच्यात भेगा पडतात आणि पाणी सगळ्या कॉफीतून झिरपण्याऐवजी त्या भेगांतून पळते.

हा ९ बारचा आकडा आला कुठून, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. लुइजी बेझ्झेरा यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात वाफेच्या जोरावर पाणी ढकलले जाई आणि तो दाब दीड बारच्या आसपासच असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अकिले गाज्जा यांच्या स्प्रिंग आणि दट्ट्याच्या यंत्राने तो कित्येक पटींनी वाढवला, आणि कपावर फेसाचा तो तांबूस थर तेव्हापासून दिसू लागला. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्रात विजेचा पंप आला आणि सुमारे ९ बारचा स्थिर दाब रूढ झाला. त्यानंतर पंपांची ताकद वाढत गेली, पण कॉफीची गरज तेवढीच राहिली. २० चा आकडा विक्रेत्याच्या सोयीचा आहे. चवीशी त्याचा संबंध नाही.

आता ज्या विधानामुळे सर्वाधिक नुकसान होते, त्याकडे वळतो: ‘ग्राइंडर कोणताही चालतो.’ वरचा दाबाचा मुद्दा पुरता समजला, तर हे विधान आपोआप कोसळते. पंप फक्त पाणी ढकलतो. दाब तयार होतो तो समोरून होणाऱ्या विरोधामुळे, आणि तो विरोध दळलेल्या, दाबून बसवलेल्या कॉफीकडून येतो. कॉफी जाडसर दळलेली असेल तर सर्वांत ताकदवान पंप असूनही दाबमापकाचा काटा वर चढत नाही आणि पाणी सात-आठ सेकंदांत कपात पडते. ती गरजेपेक्षा बारीक असेल तर थेंब थेंब गळतो, किंवा काहीच येत नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी महागडे मशीन घेतले, ती गोष्ट खरे तर ग्राइंडर ठरवतो.

हे नाते किती नाजूक आहे, ते एका हिशेबाने कळेल. कणांच्या थरातून पाणी किती सहज वाहते, हे कणांच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मोकळी जागा तेवढीच धरली आणि कणांचा सरासरी व्यास १० टक्क्यांनी घटला, तर पाण्याला होणारा विरोध सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. एस्प्रेसोचे कण मुळातच मायक्रॉनमध्ये मोजण्याइतके लहान. त्यामुळे ज्या ग्राइंडरच्या दळणाची जाडी ठरवणाऱ्या दोन खाचांमधले अंतर मोठे असते, त्यात एका खाचेवर कॉफी १५ सेकंदांत उतरते आणि पुढच्या खाचेवर ४५ सेकंद लागतात. हवी असलेली २५ ते ३० सेकंदांची जागा नेमकी त्या दोन खाचांच्या मधे राहून जाते. म्हणून एस्प्रेसोसाठी अगदी लहान पायऱ्यांचा किंवा पायऱ्याच नसलेला ग्राइंडर लागतो. इतर पद्धतींच्या कॉफीला तो लागतोच असे नाही, आणि तिथे उत्तम चालणारा ग्राइंडर इथे कमी पडतो, यात त्या ग्राइंडरचा दोष नाही.

फिरत्या पात्याचा ग्राइंडर तर या कामाला मुळीच उपयोगाचा नाही. तो दळत नाही, तोडतो. एकाच फेरीत पिठासारखी धूळ आणि डोळ्यांना दिसतील असे तुकडे एकत्र निघतात, आणि वेळ वाढवून हा गोंधळ सुटत नाही. जात्याच्या दोन तळ्यांप्रमाणे ठरावीक अंतरावर बसवलेल्या दोन दातेरी भागांमधून (त्यांना बर म्हणतात) दाणा जातो तेव्हाच कणांच्या आकारावर ताबा राहतो. अर्थात उत्तम बरमधूनही सगळे कण एकसारखे निघत नाहीत. मोठ्या कणांच्या जोडीला १०० मायक्रॉनच्या आतली बारीक धूळ निघतेच, आणि एस्प्रेसोला लागणारा विरोध बऱ्याच अंशी तीच देते. प्रश्न असतो तो हे मिश्रण आज, उद्या आणि परवा तेच राहते का, याचा. बरचा दांडा डुगडुगत असेल किंवा दोन्ही बर एकमेकांना समांतर नसतील, तर ते राहत नाही.

तयार पुडीबद्दलही हेच. तिचा वास उडून जातो हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याहून मोठी अडचण अशी की ती एकाच मापाची असते. भाजलेल्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड दिवसागणिक बाहेर पडत राहतो आणि दाणे जुने होत जातात तसे दळण थोडे थोडे बारीक करावे लागते. दाण्यांचे नवे पाकीट फोडले की पुन्हा जुळवणी. दळणे आपल्या हातात नसेल तर यांपैकी काहीच करता येत नाही. येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करतो: ज्याला दूध घातलेली कॉफी पुरेशी आहे आणि रोजच्या जुळवणीत रस नाही, त्याने तयार पूड आणि प्रेशराइज्ड बास्केट (पूड भरायची, दाब स्वतःच तयार करणारी दुहेरी तळाची चाळणी) वापरली तर त्याचे काही बिघडत नाही. पण मग त्याला मोठ्या मशीनचीही गरज नाही.

बारीक दळले की कॉफी अधिक कडक आणि उत्तम होते, अशीही एक समजूत या सल्ल्याला चिकटून येते. गणिती प्रारूप आणि प्रत्यक्ष प्रयोग यांची सांगड घालून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की एका मर्यादेपलीकडे बारीक दळल्यास चकतीचे काही भाग बुजतात, पाणी असमान वाहते आणि कॉफीतून निघणारा अर्क वाढण्याऐवजी घटतो.

क्रेमाचा मुद्दा थोडक्यात निकाली निघतो. क्रेमा म्हणजे दाबाखाली पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडताना झालेले बुडबुडे आणि त्यांना धरून ठेवणारी दाण्यातली द्रव्ये. ताज्या भाजणीच्या दाण्यांत तो जास्त येतो, अरेबिका जातीच्या दाण्यांपेक्षा रोबस्टा जातीच्या दाण्यांत जास्त येतो, आणि प्रेशराइज्ड बास्केटमध्ये तर जवळजवळ कोणत्याही कॉफीला येतो, कारण तिच्या दुहेरी तळाला एकच सूक्ष्म छिद्र असते व त्यातून कॉफी जोराने फवारली जाते. तेव्हा फेसाची जाडी पाहून मशीनची पारख होत नाही.

राहिला दोन बॉयलरचा प्रश्न, आणि इथे मूळ विधानात तथ्याचा अंश आहे. एस्प्रेसोला पाणी साधारण ९० ते ९६ अंश सेल्सियस लागते, तर दूध तापवायच्या वाफेसाठी बॉयलरमधले पाणी १२० अंशांच्या आसपास हवे. एकाच लहान बॉयलरमध्ये या दोन अवस्थांत ये-जा करावी लागते आणि मधे थांबावे लागते. पाठोपाठ चार-पाच जणांना दुधाची कॉफी द्यायची असेल तर हे थांबणे खरोखर जाचते. तिथे दोन बॉयलरचे किंवा हीट एक्स्चेंजरचे (एकाच बॉयलरमधून वाफ आणि कॉफीचे पाणी दोन्ही देणारे) मशीन घ्यावे. पण दिवसाला एक-दोन कप, तेही बिनदुधाचे, पिणाऱ्याला दुसऱ्या बॉयलरचा उपयोग शून्य आहे. त्याने तापमान स्थिर ठेवणारे नियंत्रण पाहावे, कारण तापमान हेलकावे खात असेल तर चांगला ग्राइंडरही चव सावरू शकत नाही. मशीन तापायला किती वेळ घेते हेही विचारावे. ई-६१ पद्धतीच्या ग्रुपमध्ये (जिथून गरम पाणी कॉफीवर येते तो मशीनचा पुढचा भाग) सुमारे ४ किलो धातू असतो आणि तो नीट तापायला अर्धा तास द्यावा लागतो. सकाळी घाईत निघणाऱ्याला असे देखणे मशीन रोज त्रास देईल.

म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी ग्राइंडर ठरवावा आणि उरलेल्या पैशांत मशीन बसवावे. पैसे फारच कमी असतील तर एस्प्रेसोसाठी बनवलेला हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्यावा. त्यात मोटारीचा खर्च नसल्याने तेवढ्याच पैशांत अधिक चांगले बर आणि अधिक घट्ट दांडा मिळतो. १८ ग्रॅम दाणे दळायला मिनिटभर हात चालवावा लागतो, आणि फिकट भाजणीचे दाणे असतील तर जोरही लागतो, हे मात्र आधीच समजून असावे.

ज्यांनी जुना सल्ला मानून मशीन घेऊनच टाकले आहे, त्यांनी ते विकायची घाई करू नये. आपल्या पोर्टाफिल्टरचा (बास्केट धरणाऱ्या दांड्याच्या भांड्याचा) व्यास मोजावा. तो बहुधा ५१, ५४ किंवा ५८ मिलिमीटर असतो. त्याच मापाची साधी, एकेरी तळाची बास्केट आणि तिच्यात नेमका बसणारा टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा) मिळवावा. पुढचा पैसा जमेल तेव्हा तो ग्राइंडरसाठी ठेवावा. तोवर प्रेशराइज्ड बास्केटच वापरावी, कारण जाडसर तयार पूड साध्या बास्केटमध्ये घातली तर पाणी अडणारच नाही.