पाय सुजले म्हणून पाणी तोडू नका

‘गरोदरपणात पाय सुजले तर पाणी कमी प्या, मीठ बंद करा आणि एकदम सपाट चप्पल वापरा,’ हा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. यातलं पाण्याचं तर अगदी उलट आहे. ब्रिटनची आरोग्यसेवा एनएचएस अशा सुजेवर भरपूर पाणी प्यायला, पाय वर ठेवून बसायला आणि फार वेळ उभं न राहायला सांगते. मीठ अति नको, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंदही करू नका.

चपलेचं म्हणाल, तर उंच टाच नको हे बरोबर. पण पातळ रबरी स्लिपरही नको. या काळात सांध्यांचे बंध सैल होतात, वजन वाढतं, तळव्याची कमान खाली बसते. काहींचं माप कायमचं वाढतं. म्हणून कमानीला आधार देणारी, रुंद, किंचित टाचेची चप्पल घ्या, तीही संध्याकाळी पाय सुजलेले असताना घालून बघून. (लग्नातल्या सँडल राहू द्या कपाटात.)

चेहरा किंवा हात अचानक सुजले, डोकं फार दुखलं, अंधारी आली, किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर लगेच दवाखाना गाठा. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.