वाढत्या अंगाचे बाण

साताऱ्यात हल्ली मुलीला तिरंदाजीला घातलंय म्हटलं की समोरचा आधी खुर्ची पुढे करतो. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला, 2023 मध्ये आमच्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये जगज्जेतेपद मारलं, आणि तेव्हापासून हा मान आम्हा पालकांना फुकटात मिळतोय. फुकटात म्हणजे पोरीच्या हातात बांबूचं धनुष्य असेपर्यंत. ती रिकर्व्हवर, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर गेली, सर सहज बोलून गेले, "ताई, ॲरो मात्र तिच्या मापाचे घ्या," आणि आमचे ग्रह फिरले.

माप घरीच घेतलं. पोरीला भिंतीला टेकवून दोन्ही हात पसरायला लावायचे, या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत टेप लावायची आणि येईल त्याला अडीचने भागायचं. "मग सरळ वाव मोजा म्हण की," सासूबाई म्हणाल्या. विहिरीचा दोर त्यांनी जन्मभर वावानेच मोजला. लेकीचा वाव 62 इंच भरला. म्हणजे ती दोरी जेमतेम 25 इंच ओढणार.

आता, शाळेचा गणवेश मी कधी अंगाबरोबर घेतलेला नाही. खांद्यावरून ओघळला तरी चालेल, दोन वर्षं गेला पाहिजे. त्याच हिशेबाने दुकानात म्हटलं, "जरा वाढत्या अंगाचे दाखवा." दुकानदार हसेल असं वाटलं होतं, तर गडी खूश झाला. "बरोबर आहे मॅडम. नवशिक्याला बाण लांबच देतात. आखूड असला आणि ओढताना टोक मागे घसरलं तर सुटताना हातात घुसायचा." आजवर एकाही दुकानदाराने माझं बरोबर आहे असं म्हटलं नव्हतं. मी विजयी मुद्रेने नवऱ्याकडे बघते न बघते तोच तो पुढे म्हणाला, "फक्त लांब घेतला की बाण मऊ पडतो. मग स्पाइन बदलायला लागेल."

स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा. 28 इंचांवर दोन टेकू ठेवून त्यावर बाणाची नळी आडवी टाकतात आणि बरोबर मध्ये 880 ग्रॅमचं वजन टांगतात. अर्धा इंच वाकली तर स्पाइन 500, इंचभर वाकली तर 1000. म्हणजे आकडा जेवढा मोठा, तेवढा बाण लेचापेचा. नवरा बँकेत आहे. आकडा वाढला आणि माल घसरला, हे त्याच्या पचनी पडेना. "हजारवालाच घेऊ, उगाच हलका कशाला?" हे त्याने इतक्या वेळा म्हटलं की दुकानदाराने शेवटी त्याला चहा पाजला.

बरं, स्पाइन ठरवायचा तर धनुष्याचं पाउंडेज हवं, म्हणजे दोरी ओढायला किती पाउंड जोर लागतो ते. धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर 24 छापलेलं होतं. पण ते 28 इंच ओढलं तरचं. त्याच्या आत इंचामागे साधारण दोन पाउंड कमी धरायचे. आमचं गाडं 25 इंचांवर थांबत असल्याने हातात पडणार 18. छापील आणि हातात यातला फरक मात्र नवऱ्याला समजवावा लागला नाही. तो पगारदार आहे.

मऊ-कडक एवढं बघायचं कशाला, म्हणून सरांनी मोबाईलवर संथ गतीचा व्हिडिओ पाठवला. दोरी सुटते तेव्हा बाण चक्क वाकतो आणि धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून वळवळत पुढे जातो. तो वाकायलाच हवा, पण बेताने. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण फार कडक असला तर डावीकडे पळतो, फार मऊ असला तर उजवीकडे. सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा पाहिला आणि निकाल दिला : "सरळ जात नाहीये. बदलून आणा."

ॲल्युमिनियमच्या बाणांवर स्पाइन नसतो, चार आकडे असतात. 1716, 1816 असे. पहिले दोन म्हणजे जाडी, इंचाच्या चौसष्टाव्या भागात. पुढचे दोन म्हणजे पत्र्याची जाडी, हजाराव्या भागात. पण हे सासऱ्यांना कोण सांगणार? ते 1716 वाचून थेट शाहू महाराजांच्या कारकिर्दीत शिरले. 1816 हातात घेऊन म्हणाले, "हा नको. दोनच वर्षांत पेशवाई बुडाली."

शेवटी 1716 घेतले, त्यात इतिहासाचा किती हात होता ते विचारू नका. पण माझं मत विचाराल तर पहिला सेट ॲल्युमिनियमचाच घ्यावा. वाकला तर वाकलेला दिसतो, थोडाफार सरळही करून मिळतो. कार्बनचा बाण वरून साजरा दिसतो आणि आतून तडकलेला असू शकतो. म्हणून दरवेळी मारायच्या आधी दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवायचा आणि कानाशी धरून करकरतो का ते ऐकायचं. करकरला तर टाकायचा, कारण तुटलाच तर त्याच्या काड्या हातात शिरतात. ऑलिंपिकवाले ज्या जातीचे बाण मारतात त्यांचा डझनाचा भाव ऐकून नवऱ्याने खोका दोन्ही हातांनी परत ठेवला.

सगळ्यात तापदायक ठरलं ते टोक. त्याचं वजन ग्रेनमध्ये. आम्ही 100 ग्रेनचं घेतलं. दुकानदार ग्रॅम सांगेपर्यंत सासऱ्यांनी मनातल्या मनात हिशेब केला : एक तोळा म्हणजे 180 ग्रेन. "म्हणजे प्रत्येक बाणाच्या टोकाला अर्ध्या तोळ्याच्या वर!" हे घरी सांगायला नको होतं. कारण ग्राउंडवर चुकलेला बाण गवताच्या मुळाशी आडवा सरकतो आणि पायाखाली असला तरी दिसत नाही. लेक पहिला बाण हरवून घरी आली, तेव्हा सासूबाईंनी अर्धा तोळा गेल्याची बातमी माहेरी फोन करून कळवली. वर मला ऐकवलं, रामाने एका बाणात सात ताड भेदले आणि तो बाण आपला आपण परत भात्यात आला. "असले मिळतात का, विचारलंस का?"

लेकीच्या लेखी मात्र बाण निवडणं म्हणजे पिसांचा रंग निवडणं. तीन पिसांत एक वेगळ्या रंगाचं असतं, बाण कसा लावायचा ते कळावं म्हणून. त्या एका पिसासाठी तिने दुकानातले सगळे गुलाबी एकमेकांशेजारी मांडले. नळीवर नाव किंवा आद्याक्षरं घालायचा स्पर्धेचा नियम आहे, ती तिने जेल पेनने वेलबुट्टीसकट घातली.

आणि एवढं सगळं जुळलं, बाणांचा गट निशाणाच्या मधल्या पिवळ्यात पडायला लागला, तोवर पोरीने उंची घेतली. वाव 65 वर गेला, सरांनी पाती बदलून पाउंडेज वाढवलं, आणि बाण मऊ पडून उजवीकडे पळायला लागले. नवे घेणं आलं. जुने चांगले आहेत, टाकवत नाहीत. तेव्हा परवा सोसायटीतल्या एका वाढदिवसाला मी पर्समध्ये टेप घालूनच गेले. पोरं रांगेत उभी केली. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा वाव नेमका 62 भरला आणि मी त्याच्या आईला गाठायला वळले.

"काकू," भिंतीला टेकलेला तो म्हणाला, "हात खाली घेऊ? केक संपतोय."