चारशे बैल आणि एक शिट्टी

आदिलशाहीला विजापूर उभं करायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. आमच्या टूरवाल्यांनी ते सकाळी सहा ते रात्री नऊमध्ये, नाश्ता-जेवणासकट बसवलं होतं. सोलापुरातून सुटणाऱ्या बसच्या पत्रकावर 'बारा प्रेक्षणीय स्थळे' असं ठळक छापलं होतं. त्यातली दोन चहाची होती, हे बसमध्ये बसल्यावर कळलं.

सहाची बस सव्वासातला हलली, कारण एकांचे मिस्टर 'आलोच' म्हणून गेले होते. भीमा ओलांडायच्या आत डबे उघडले. धपाटे, दही, शेंगाचटणी. गाडीने खड्ड्यात गचका खाल्ला आणि शेजारच्या काकूंच्या चटणीचं तेल माझ्या मांडीवरच्या पत्रकात 'गोलघुमट' या अक्षरांवर पसरलं. त्यांनी दिलगिरी म्हणून आणखी चटणी वाढली.

विजापुरात गाईड चढला. कानडी हेल असलेलं मराठी, पण माणूस पक्का. मुहम्मद आदिलशाह १६५६ साली वारला, त्याची कबर म्हणजे हा गोलघुमट. घुमटाचा बाहेरून व्यास सुमारे ४४ मीटर आणि आत आधाराला एकही खांब नाही. "मग पडत कसा नाही?" एका आजोबांनी विचारलं. दिवसभरातला हा एकमेव शहाणा प्रश्न. एकमेकींना छेदत जाणाऱ्या कमानी हा भार कसा पेलतात ते गाईड हातवारे करून सांगू लागला, तेवढ्यात टूर मॅनेजरची शिट्टी वाजली.

वर जायचा जिना कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून, सात मजले. चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद पायऱ्यांवर समोरासमोर आले की पोटं आत घेण्याचं जे सामुदायिक योगासन होतं, ते पत्रकात नव्हतं. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा. इथे भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडच्या टोकाला स्वच्छ ऐकू येतं. हे खरं आहे, फक्त त्यासाठी बाकीच्यांनी गप्प बसावं लागतं. आमच्याबरोबर एक शाळेची सहल होती.

हिला पलीकडे पाठवून मी भिंतीला कान लावला. "ए पक्याऽऽ" ऐकू आलं. मग तोच पक्या पुन्हा पुन्हा, दर खेपेला थोडा लांबचा. त्यानंतर शिट्ट्या, टाळ्या, आणि कुणाच्या तरी मातोश्रींचं "चप्पल कुठं काढलीस?" हेही सर्व दिशांनी. ही गोल फिरून परत आली. "ऐकलंत?"

"ऐकलं की."

"मग? चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो. संसारात एवढं शिकलोय.

पुढे मुलुख-ए-मैदान तोफ. अहमदनगरला १५४९ साली ओतलेली, सुमारे ५५ टनांची. तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि त्या जबड्यात चिरडलेला हत्ती. परांड्याहून ती इथे आणायला चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसं लागली, असं गाईडने सांगितलं. त्याच वेळी आमचा मॅनेजर शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला होता आणि चाळीस माणसं गाडीत चढत नव्हती. हत्तींचा उपयोग मला तेव्हा पटला.

बारा कमान ही आणखी एक, अर्धवट राहिलेली शाही कबर आम्ही खिडकीतून उरकली. ती पूर्ण झाली असती तर तिची सावली गोलघुमटावर पडली असती, म्हणून बांधकाम थांबवलं, असं गाईड सांगतो. गोष्ट सांगण्यापुरती झकास आहे.

मग गाडी एका इरकलच्या दुकानापाशी थांबली. पत्रकात याचा उल्लेख नव्हता, वेळेची मर्यादाही नव्हती. शिट्टीही वाजली नाही. दुकानदाराने मॅनेजरला नावाने हाक मारून चहा दिला. गोलघुमटात मी कशाला होकार दिला होता, हे मला तिथे कळलं. टोपपदरी, हिरवी.

इब्राहिम रोजाला पोचेस्तोवर फाटक बंद होत होतं. सगळ्या विजापुरात नजाकतीने बांधलेली वास्तू ती, आणि मी याच एका ठिकाणासाठी पैसे भरले होते. "बाहेरूनच फोटो काढा," मॅनेजर म्हणाला, "बाहेरूनच जास्त छान दिसतं." गाडीत मोजणी झाली. एक माणूस कमी भरलं. चटणीवाल्या काकू साडीचा रंग बदलायला परत गेल्या होत्या.