पगार कमी करून मिळणेबाबत

टिळकवाडीतल्या एका चहाच्या टपरीवर गेली कित्येक वर्षे मी एक व्याख्यान विनामूल्य देत आलो आहे. "पगार वाढला की आयकराचा स्लॅब बदलतो आणि हातात उलट कमीच येतं ओ," असे कोणी म्हणाले की मी कप खाली ठेवतो आणि त्याला समजावतो, की स्लॅब म्हणजे जिन्याच्या पायऱ्या असून वरच्या पायरीचा दर फक्त वरच्या पायरीवर चढलेल्या रुपयांनाच लागतो, खालच्या रुपयांना त्याची झळ पोहोचत नाही, सबब पगारवाढीने हातातली रक्कम घटणे अशक्य आहे. हे व्याख्यान ऐकून उद्यमबागेतले दोन फोरमन आणि शहापूरचे एक निवृत्त मास्तर आपले मत बदलून गेले होते. त्या तिघांची मी या लेखाद्वारे जाहीर क्षमा मागतो.

आपला पगार चारचौघांत सांगू नये असा आमच्या बेळगावात संकेत आहे. परंतु आकडे लपवले तर माझे दुःख नुसतेच काव्यमय वाटेल. मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्याचे काम करतो आणि गेल्या वर्षी माझा पगार महिना 1,05,000 रुपये, म्हणजे वर्षाला 12 लाख 60 हजार होता. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले आणि पगारदारांना 75 हजारांची प्रमाणित वजावट असल्यामुळे ही मर्यादा आमच्यासाठी 12 लाख 75 हजारांवर गेली. त्यामुळे 2025-26 हे अख्खे वर्ष माझ्या पगारपत्रकावर आयकरासमोर शून्य होते. इतके गोंडस शून्य मी शाळेतल्या गणिताच्या पेपरावरही पाहिले नव्हते.

यंदाच्या एप्रिलमध्ये साहेबांनी बोलावून हातात पाकीट दिले. महिना पाच हजारांची वाढ! मी परतताना दोन किलो कुंदा घेतला, एक ऑफिसात वाटला, दुसरा गल्लीत. सौभाग्यवतींनी त्याच संध्याकाळी अडीच हजारांच्या नव्या भिशीत नाव घातले आणि उरलेल्या अडीच हजारांत बसणारा फ्रिजचा हप्ताही शोधून ठेवला. हा हिशेब रुपयाला रुपया जुळत असल्याने मी तिच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक केले.

महिनाअखेरीस खात्यात पगार जमा झाल्याचा संदेश आला. पाच हजारांऐवजी आठशे रुपये वाढले होते.

मी पगारपत्रक घेऊन बसलो आणि नाकावर चष्मा सरकवून एकेका ओळीवर बोट फिरवू लागलो. व्यवसाय कराचे दोनशे रुपये जिथल्या तिथे होते. (सीमाप्रश्न 1956 पासून भिजत पडला आहे, परंतु नोकरदाराकडून महिना 200 आणि फेब्रुवारीत तेवढे 300 कापावेत, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचे आता संपूर्ण एकमत झाले आहे. आपण अलीकडे असलो काय आणि पलीकडे असलो काय, वर्षाचे 2,500 जाणारच.) मूळ वेतन अडीच हजारांनी वाढल्यामुळे पीएफ तीनशेने वाढला होता; पण ते पैसे कधीतरी आपल्यालाच मिळायचे म्हणून मी बोट पुढे सरकवले. आणि जिथे माझे शून्य असायचे तिथे 3,900 बसलेले दिसले.

अकाउंट्समधल्या अण्णांची मातृभाषा कन्नड असली तरी वाईट बातमी ते शुद्ध मराठीत देतात. "सर, तुमचा वर्षाचा पगार झाला 13 लाख 20 हजार. पंच्याहत्तर वजा केले, राहिले 12 लाख 45 हजार. बारा लाखांच्या वर गेलात, सगळा कर माफ करणारी सूट गेली."

"पण पायऱ्या असतात की हो!" मी व्याख्यानातला मुद्दा काढला.

"पायऱ्या स्लॅबला असतात. सूट म्हणजे कट्टा आहे, पाय घसरला की खाली."

खाली पडणाऱ्याचे फार लागू नये म्हणून कायद्याने एक गादी घातली आहे, तिला सीमांत सवलत म्हणतात. एरवी माझा कर 66,750 रुपये झाला असता. पण बारा लाखांच्या वर जेवढे उत्पन्न असेल त्याहून जास्त कर घ्यायचा नाही, असा नियम असल्यामुळे तो 45,000 वर थांबला. बारा लाखांवरचे माझे उत्पन्न बरोबर 45,000 होते. म्हणजे सरकारने मला इजा होऊ न देता, अलगदपणे, वरचे सगळे पैसे काढून घेतले. त्यावर चार टक्के उपकर, 1,800 रुपये. एकूण 46,800, भागिले बारा, 3,900. या पट्ट्यात मिळवलेल्या प्रत्येक रुपयामागे सरकारला एक रुपया चार पैसे द्यावे लागतात. टपरीवरच्या माझ्या सिद्धान्ताला एवढ्या चार पैशांनी खिंडीत गाठले.

"साहेबांनी महिन्याला साडेबाराशेच वाढवले असते," अण्णा हळहळले, "तर वर्षाला साडेचार हजार रुपये तुमच्या हातात जास्त पडले असते बघा."

जुन्या करप्रणालीत परत जावे असे मनात आले. पण भविष्य निर्वाह निधी आणि विम्याची दीड लाखांची वजावट धरूनही तिथे कर दीड लाखांच्या वर जात होता, म्हणून ते दार मी उघडल्याबरोबर लावून घेतले. अण्णांनी एकच खरा उपाय सांगितला: कंपनीने वाढीतले 45,000 माझ्या नावे एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, भरावेत, मूळ वेतनाच्या 14 टक्क्यांपर्यंत तशी वजावट नव्या प्रणालीतही मिळते, आणि शून्य पुन्हा जागेवर येते.

रात्री मी अर्ज लिहायला बसलो. रजेचे, ॲडव्हान्सचे अर्ज तोंडपाठ होते, पण "पगार कमी करून मिळणेबाबत" हा विषय लिहिताना हात अडखळला. "रक्कम एनपीएसमध्ये वळवावी, अन्यथा वाढ साडेबाराशेवर आणावी," असा मजकूर केला. सौभाग्यवतींनी तो वाचला आणि भिशीची वही काढून माझ्यासमोर उघडी ठेवली. काही बोलली असती तर परवडले असते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. एनपीएसचे वाक्य त्यांनी "पगाराची रचना पुढच्या वर्षीच बदलते" म्हणून बाजूला सारले. पण दुसऱ्या वाक्याने त्यांचे डोळे पाणावले. "इतक्या वर्षांत पगार कमी करा म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. अशा माणसाची कंपनीने कदर केली पाहिजे." मी उपकराचे चार पैसे समजावून सांगेपर्यंत त्यांनी पेन उघडून अर्जाच्याच कोपऱ्यात लिहिले: महिना आणखी दोन हजार, एप्रिलपासून लागू.

मी तो कागद अण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, कॅल्क्युलेटर जवळ ओढला आणि वर्षाचे 24,000 वाढवून, त्यावर 24,960 चा कर धरून, पीएफचे महिना 120 वजा करून पडदा माझ्याकडे वळवला. पाच हजारांच्या वाढीत हातात आठशे पडत होते. सात हजारांच्या वाढीत सहाशे.

"सर," अण्णा आवाज उतरवून म्हणाले, "या वेळी कुंदा आणू नका."